पेटीचा वनवास

दिल्लीचे नभोवाणी-केंद्र सुरू होऊन चार वर्षे पुरी झाली होती. अशा वेळी, १ मार्च १९४० पासून, देशातील सर्व नभोवाणी-केंद्रांच्या संगीत-कार्यक्रमांतून हार्मोनियम हे वाद्य वर्ज्य ठरले. कागदावर हा एक कचेरीतला हुकूम होता. पण ज्या वाद्यावर महाराष्ट्रातील संगीत-रंगभूमी उभी होती, जे कीर्तनकाराच्या मागे आणि गवयाच्या बाजूला ठाण मांडून बसले होते, त्याला या हुकमाने एका ओळीत परके ठरविले. रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता. पेटीचा वनवास तीस वर्षांहूनही लांबला.

या वनवासाची कथा सांगताना एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. हुकूम काढणारे संगीताचे वैरी नव्हते. त्यांनी वाद्यावर ठेविलेला दोष खोटाही नव्हता. तरीही त्या हुकमाने जे केले ते न्यायाचे होते काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम वाद्याकडे, मग वादकाकडे आणि शेवटी दिल्लीकडे वळले पाहिजे.

हार्मोनियम हे मूळचे युरोपातील वाद्य. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ याने १८४० साली त्याचे पेटंट घेतले. पायाने भाता हलवावयाचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवावयाचे, अशी त्याची मूळ रचना होती. मिशनऱ्यांच्या आणि साहेबलोकांच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात आले. पण आपल्याकडील गाणे खुर्चीवर बसून होत नाही. ते बैठकीवर, मांडी घालून होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पायांचा भाता काढून मागच्या बाजूस हातभाता बसविला, आणि साहेबाचे वाद्य आमच्या जाजमावर आले. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर. पिआनोवर किंवा ऑर्गनवर दोन हातांनी जी स्वरसंगती उभी करतात ती या पेटीवर व्हावयाची नाही. पण आमच्या संगीताला तिची गरजही नव्हती. येथे एकच स्वरधारा पुरे होती.

महाराष्ट्राने हे वाद्य फार लवकर आपलेसे केले. संगीत नाटकाच्या साथीला पायपेटी आणि पुढे ऑर्गन आले. हजार-दीड हजार प्रेक्षकांच्या नाट्यगृहात, ध्वनिवर्धक नसताना, नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या भरदार सुराचा आधार हवा होता आणि तो या वाद्याने दिला. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा एकाच वर्गात अनेक विद्यार्थ्यांना स्वरज्ञान करून देण्यासाठी पेटी उपयोगी पडली. सारंगी चांगली लावावयास आणि चांगली वाजवावयास उमर जाते. पेटीचे सूर कारागिराने आधीच लावून ठेविलेले असतात. जेथे सारंगिये थोडे आणि गाणे शिकू इच्छिणारी मुले पुष्कळ, तेथे पेटीचा प्रसार झाला यात नवल नाही.

परंतु सोयीचे वाद्य म्हणून पेटी घरोघर जाणे निराळे आणि तिच्यावर स्वतंत्र मैफल रंगविणे निराळे. ते दुसरे काम ज्यांनी करून दाखविले त्यांत पहिले मानाचे नाव गोविंदराव टेंबे यांचे. त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावचा. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांच्या आश्रयाने गजबजलेले कलेचे पेठच. दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गायक होता, आणि गावात देवल क्लबसारखी गाण्याची बैठक होती. अशा वातावरणात गोविंदरावांनी पेटी मुख्यतः स्वतःच्या कानावर आणि बोटांवर भरवसा ठेवून आत्मसात केली. पेटीचे घराणे तेव्हा नव्हतेच. ज्याला शिकावयाचे त्याने गवयाच्या गळ्याकडून शिकावे, हाच मार्ग होता. भास्करबुवा बखले यांचा सहवास त्यांना लाभला आणि बुवांच्या मैफलींत ते साथीला बसले. ज्याच्या गळ्यात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या होती, त्या गवयाच्या मागोमाग बोटे नेणे हीच त्यांची शाळा झाली.

गोविंदरावांच्या कर्तृत्वाचा व्याप मोठा आहे. १९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच्या पदांना चाली दिल्या गोविंदरावांनी. ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडील गायनप्रकारांचा गोडवा त्यांनी त्या पदांत उतरविला आणि मराठी नाट्यसंगीताला नवे वळण लागले. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत ते भागीदार होते. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट निघाला. त्याचे संगीत गोविंदरावांचे आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. ‘माझा संगीत-व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या ग्रंथांनी त्यांना मराठी गद्यातही मानाचे स्थान मिळवून दिले. नट, संगीतकार, लेखक अशी एवढी रूपे धारण करूनही रसिकांच्या मनात त्यांची पहिली ओळख राहिली ती पेटीवाले गोविंदराव हीच. मुख्य म्हणजे, पेटी ही गाण्यामागची सावली न राहता श्रोत्यांनी तिकीट काढून ऐकावी अशी कला आहे, ही जाणीव त्यांच्या पिढीने महाराष्ट्रात रुजविली.

आता दिल्लीकडे वळावयास हवे. १९३५ च्या ऑगस्टमध्ये बी.बी.सी.तून लायोनेल फील्डन हे गृहस्थ हिंदुस्थान सरकारच्या नभोवाणी-खात्याचे नियंत्रक म्हणून आले. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीचे केंद्र सुरू झाले. अलीपूर रोडवरील १८ क्रमांकाचा एक बंगला, हे त्याचे पहिले घर. त्याच वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. फील्डन यांना हार्मोनियमचा मनस्वी तिटकारा होता. पण केवळ अधिकाऱ्याच्या नावडीवर हुकूम टिकत नाही, त्याला शास्त्राचा आधार लागतो. तो आधार पुरविला जॉन फाउल्ड्स यांनी.

फाउल्ड्स हे मँचेस्टरचे. जन्म १८८० सालचा, म्हणजे गोविंदरावांहून ते अवघ्या काही महिन्यांनी वडील. मँचेस्टरच्या प्रसिद्ध हॅले वाद्यवृंदात चेलो वाजविण्यापासून सुरुवात करून ते मोठे संगीतकार झाले. महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ रचलेल्या त्यांच्या ‘वर्ल्ड रिक्वियम’चे प्रयोग लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये १९२३ पासून काही वर्षे होत राहिले. त्यांची पत्नी मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक होती आणि हिंदुस्थानी संगीताची अभ्यासकही. तिच्यामुळे दक्षिणेतील मेळपद्धतीचे दार फाउल्ड्स यांना उघडले गेले. १९२८ च्या सुमारास त्यांनी पिआनोसाठी लिहिलेल्या रचनांत एकेक मेळ घेऊन त्याबाहेरचा स्वर वर्ज्य करण्याचे पथ्य पाळले आहे. त्यानंतरच्या त्यांच्या पिआनो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या प्रचंड रचनेचा पहिला भागही असाच एका सप्तस्वरी मेळात बांधलेला आहे. १९३५ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढे दिल्लीच्या केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. तेथे देशी वाद्यांचा एक वृंद जमवून, स्वरलिपी वाचून एकत्र वाजविण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

१९३८ साली नभोवाणीच्या ‘इंडियन लिसनर’ या इंग्रजी पाक्षिकात फाउल्ड्स यांनी हार्मोनियमवर लेख लिहून हिंदी संगीतात त्याला स्थान असू नये असे प्रतिपादन केले. त्यातला मुख्य मुद्दा समजण्यास थोडे गणित पुरे आहे. षड्जाची दर सेकंदास २४० आंदोलने धरली, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या शुद्ध गांधाराची आंदोलने ३०० होतात. पिआनो, ऑर्गन आणि पेटी या वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशेबाने गांधार ३०२ च्याही वर चढतो. धैवत ४०० हवा, तो ४०३ च्या पुढे जातो. पंचम मात्र ३६० च्या अगदी जवळ, किंचित खाली राहतो. युरोपीय संगीतात गाण्याची पट्टी क्षणोक्षणी बदलते म्हणून त्या लोकांनी ही तडजोड पत्करली. आमचा षड्ज अचल असतो. ज्याच्यामागे तंबोरा अखंड बोलत आहे, त्याला चढा गांधार पत्करण्याचे कारण काय? दुसरा आक्षेप याहूनही बिनतोड होता. पेटीवर मींड निघत नाही. एका पट्टीचा स्वर संपला की दुसऱ्या पट्टीचा सुरू होतो. मधली वाट नाही. आणि आमचे गाणे तर त्या मधल्या वाटेवरच राहते.

हे आक्षेप दिल्लीतच प्रथम सुचले असे मात्र नाही. महाराष्ट्राने पेटीवर प्रेम केले ते डोळे मिटून नव्हे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायकांच्या साहाय्याने स्वरांची आंदोलने मोजून १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. न्यायाधीश असलेल्या अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने त्यांनी श्रुतींची पेटी बनवून घेतली, आणि १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पंडितांसमोर मांडली. तेथे वाद माजला. श्रुती नेमकी कोठे बसते याविषयी गायकांचे आणि यंत्राचे एकमत होईना. प्रयोग व्यवहारात रुळला नाही. पण दोषाची कबुली आणि तो दूर करण्याची खटपट दोन्ही येथे, दिल्लीच्या हुकमाच्या चोवीस वर्षे आधी होऊन गेल्या होत्या.

फाउल्ड्स स्वतः हा हुकूम पाहावयास राहिले नाहीत. दिल्लीहून कलकत्त्याच्या केंद्रावर गेल्यावर लवकरच, एप्रिल १९३९ मध्ये, पटकीने त्यांचे निधन झाले. पण विचार मागे राहिला. १९४० च्या जानेवारीत रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून हार्मोनियमच्या हकालपट्टीला मनापासून पाठिंबा दिला. शांतिनिकेतनात त्यांनी ते वाद्य आधीच बंद केले होते. इंग्रज अधिकारी, इंग्रज संगीतकार आणि देशाचा कविगुरू यांचे एकमत व्हावे, असे विषय त्या काळी फार थोडे होते.

मार्चमध्ये अंमल सुरू झाला. गवयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, गावातल्या मैफलीत ज्या पेटीवाल्याच्या साथीने तो गातो, त्याला केंद्राच्या दाराबाहेर ठेवून त्याने आत सारंगी किंवा व्हायोलिन घेऊन गावे. पेटीवाल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ याहून कठोर होता. संस्थानिकांचा आश्रय सरत चालला होता, बोलपटाने नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले होते, आणि नेमक्या त्याच सुमारास नभोवाणी ही कलावंतांची नवी आश्रयदाती म्हणून उभी राहत होती. तिच्या दारात पेटीवाल्याला उभे राहता येईना. स्वातंत्र्यानंतरही हुकूम कायम राहिला. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी-मंत्री होते. ते जन्माने पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ साली आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले, आणि गावोगावच्या गायक-वादकांना देशभर श्रोते मिळाले. त्या पंक्तीत पेटीचे पान मांडले गेले नाही. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव टेंबे निवर्तले, तेव्हा ज्या वाद्याने त्यांना नाव दिले ते राष्ट्राच्या नभोवाणीवर परकेच होते.

मग या तीस वर्षांत पेटी मुकी झाली काय? तसे झाले नाही. पेटीवाल्यांनी आक्षेपांना लेखी उत्तरे क्वचितच दिली. त्यांनी बोटांनी उत्तर दिले. मींड निघत नाही हे खरे. पण एक पट्टी सोडण्यापूर्वी दुसरी दाबून, मधल्या स्वराला ओझरता स्पर्श करून, त्याच क्षणी भात्याचा दाब सैल केला तर कानाला मींडीचा भास होतो. गांधार चढा हे खरे. पण जाणता वादक त्या गांधारावर ठाण मांडत नाही, तो त्याला हलका स्पर्श करून पुढे सरकतो. गवई आंदोलित स्वरावर थांबला की साथीदार षड्ज-पंचमाकडे सरतो आणि त्याला मोकळीक देतो. कारागिरांनीही आपला वाटा उचलला. पितळी सुराचे टोक घासले की स्वर चढतो, बुडाकडे घासले की उतरतो. या युक्तीने गायकाच्या पट्टीपुरते शुद्ध स्वर लावून देण्याची रीत पडली. महाराष्ट्रात तिला ‘गांधार ट्यूनिंग’ असेच नाव आहे.

नभोवाणीचे दार बंद असता पेटीचे एकलवादन रसिकांपर्यंत पोचविले ते ग्रामोफोनने आणि मैफलींनी. ‘पी. मधुकर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या मधुकर पेडणेकरांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. रंगभूमीवर गोविंदराव पटवर्धन आणि मैफलीत अप्पा जळगावकर यांनी साथीची कला सूक्ष्म केली. गोव्यातील बोरी गावी १९३४ साली जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांनी पी. मधुकरांकडून विद्या घेतली आणि पुढे ती अनेक शिष्यांना दिली. गोविंदरावांच्या तरुणपणी पेटीला गुरू नव्हता. त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्यांत गुरु-शिष्यांची परंपरा उभी राहिली, आणि ती वनवासाच्या काळात उभी राहिली.

दिल्लीतही चित्र एकरंगी नव्हते. विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली, म्हणजे हुकमाच्या आदल्याच वर्षी, त्या नगरीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ज्या पलुसकर-परंपरेने पेटीला शिक्षणात स्थान दिले होते, तिचेच ते रोपटे. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनचा आरंभ झाला. त्या पहिल्या काळात तेथे काम करणारे पु. ल. देशपांडे हे साहित्यिक म्हणून जेवढे प्रसिद्ध, तेवढेच पेटीवर जीव टाकणारे वादक. ज्या खात्याने पेटी वर्ज्य केली होती त्याच खात्याच्या चाकरीत असा माणूस असावा, यातली गंमत विनोदकारालाच अधिक कळली असेल.

१९७० साली आकाशवाणीने या प्रश्नावर जाणकारांची चर्चा घडवून आणली. बाजू दोन्ही मांडल्या गेल्या. त्यानंतर १९७१ साली बंदी काही अंशी सैल झाली आणि वरच्या श्रेणीच्या कलावंतांना साथीसाठी पेटी घेण्याची मुभा मिळाली. एकलवादन मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे बाहेरच राहिले. काळाने पुढे आपल्या रीतीने तोल सावरला. सारंगियांच्या घराण्यात जन्मलेल्या आणि दिल्लीत कारकीर्द घडविलेल्या महमूद धौलपुरी यांना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पद्मश्री मिळाली. ज्या सारंगीच्या कैवारासाठी पेटी बाहेर काढली गेली, तिच्याच घरातला मुलगा पेटीवाला म्हणून दिल्लीत सन्मान पावला. २०१६ साली तुळशीदास बोरकरांनाही तोच मान प्राप्त झाला. आणि देवलांचे अपुरे स्वप्न ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून नव्याने पुढे नेले आहे.

या साऱ्या वृत्तांतावरून फाउल्ड्स यांना खलपुरुष ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांनी सांगितलेले आंदोलनांचे गणित आजही चूक ठरलेले नाही, आणि आमच्या स्वराची काळजी करणारा परदेशी माणूस आदरासच पात्र आहे. पण याच माणसाने बारा समान भागांच्या पिआनोवर दक्षिणेतले मेळ बसविले होते. स्वतःच्या वाद्याच्या मर्यादेतून सुंदर काही निर्माण करण्याचा जो हक्क त्यांनी पिआनोवर बजावला, तोच कोल्हापुरातल्या एका तरुणाने पेटीवर बजावला होता. पहिल्याला संगीतकार म्हणावयाचे आणि दुसऱ्याला दारातून परत पाठवावयाचे, ही विसंगती त्या हुकमाच्या पोटात होती.

प्रत्येक वाद्यात काही ना काही उणे असतेच. बासरीला सप्तके थोडी, सतारीचा नाद क्षणात विरणारा, मानवी कंठ तर थंडीवाऱ्याने बसणारा. त्या उण्याशी झुंजत जो सुरापर्यंत पोचतो त्याला कलावंत म्हणतात. नभोवाणीने वाद्याची परीक्षा घेतली आणि वाद्य त्या परीक्षेत उतरले नाही, हे कबूल केले पाहिजे. वादकाची परीक्षा मात्र तीस वर्षांत कोणी घेतलीच नाही. दोष लाकडाचा आणि पितळेचा होता; शिक्षा बोटांनी भोगली.